मदत हवी: बायपासमध्ये संत्र्याची बाग जातेय, हरकत कुठे द्यायची? (तातडीचं)

बागवाला: परवा काही लोक येऊन शेतात खुंट्या ठोकून गेले, विहिरीच्या कठड्यावर लाल रंगानं आकडा टाकला. रस्ता बरोब्बर मधातून. विहीर इकडे, अर्धी झाडं तिकडे. अर्जाचा नमुना आहे का कोणाकडे? लवकर सांगा.

मोजणीवाला: कोणता बायपास, कोणता तालुका? कलम ३ए (जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी अधिसूचना) निघालं की ३डी (जमीन घेतल्याची घोषणा)? राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा, राज्याचा रस्ता असेल तर गोष्टच वेगळी.

टायर_बावीस: बायपास पाहिजेच भाऊ. राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ दोन्ही नागपुरातच एकमेकांना छेदतात. रायपूरकडून माल घेऊन आलो की नो एन्ट्री सुटेपर्यंत गाडीखाली चटई टाकून पडतो.

बागवाला: तुमच्या झोपेचं नाही विचारलं दादा. राष्ट्रीय महामार्गच आहे.

समृद्धी_शेजारी: हरकत-बिरकत सोडा. संमती द्या, थेट खरेदीत पाचपट घ्या. आमच्याकडं तसंच झालं.

मोजणीवाला: समृद्धी महामार्ग एमएसआरडीसीचा (राज्य रस्ते विकास महामंडळ), म्हणजे राज्याचा. तिथला दर इथं कशाला सांगता? उगाच आस लावू नका.
बागवाले, राजपत्राची तारीख पाहा. ३ए प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत लेखी हरकत, सक्षम प्राधिकाऱ्याकडे. बहुतेक एसडीओच (उपविभागीय अधिकारी) असतात, पदनाम राजपत्रात छापलेलं असतं. तिथं भावाचं भांडण करू नका, ती हरकत जमीन घेण्यालाच असते. पैशाचं पुढं ३जी मध्ये, म्हणजे भरपाई ठरवायच्या कलमात. तेव्हा शेताचे दोन तुकडे झाल्याचं नुकसान वेगळं मागा, कायद्यात तशी तरतूद आहे. रक्कम पटली नाही तर लवादाकडे.



बागवाला: कात्रण सापडलं, बाबांनी पंचांगात घालून ठेवलं होतं. ३ए च आहे, पण महिना होऊन गेला. अन् सातबारा काकांच्या नावावर आहे, सांगायचं राहिलं.

मोजणीवाला: हे आधी सांगायचं ना राजेहो! मुदत गेली. अर्ज तरी टाका, पोच घ्या. पण खरं काम संयुक्त मोजणीच्या दिवशी. काकांनी स्वतः बांधावर उभं राहायचं. झाडं एकेक मोजून वयासकट लिहून घ्या. दोन वर्षांचं रोपटं आणि बारा वर्षांचं फळावरचं झाड एका भावात जाऊ देऊ नका. पाइपलाइन, मोटर सगळं पंचनाम्यात आलं पाहिजे. कोऱ्या कागदावर सही नाही.

बागवाला: मोजणी सोमवारी आहे म्हणे. विहीर सातबाऱ्यावर चढलेलीच नाही!

मोजणीवाला: उद्या सकाळीच तलाठ्याकडे जा. पंपाचं जुनं वीजबिल सोबत ठेवा. आणि आजच विहिरीचा फोटो काढा, तो लाल आकडा दिसला पाहिजे.