लॅपटॉप फुल की डॅक फुल?

बरेच जण विचारतात की लॅपटॉपचा आवाज फुल ठेवून डॅकवर (म्हणजे डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग करून हेडफोनला देणाऱ्या डब्यावर) कमी करायचा की उलटं, तर माझं मत पहिलंच, पण लोक सांगतात तितकं काही जगबुडीचं प्रकरण नाहीये. डिजिटल आवाज ६ डीबी (डेसिबल) कमी केला की साधारण १ बिट, म्हणजे आवाजातला थोडा बारकावा, जातो, म्हणजे विंडोजमध्ये आउटपुट १६ बिटवर असेल तर नुकसान खरंच होतं, पण तेच २४ बिट केलंत की १६ बिटच्या गाण्याखाली ४८ डीबी मोकळी जागा मिळते, सो आधी ते सेटिंग बघा मग बाकीचं.

खरा घोळ गेनचा, म्हणजे डॅक आवाज किती पटीने वाढवतो त्या सेटिंगचा, असतो. इअरफोन लावून हाय गेन ठेवायचा आणि नॉब जेमतेम हलवला की कान फुटायची वेळ, शिवाय बऱ्याच अ‍ॅनालॉग नॉबना अगदी तळाशी डावी-उजवी बाजू सारखी नसते, विलंबित ख्याल ऐकताना तानपुरा एकीकडे सरकतो ते बहुतेक यानेच. लो गेनवर नॉब निम्म्याच्या आसपास येत असेल तर हाय गेनला हात लावू नका, तो जास्त ताकद लागणाऱ्या हेडफोनसाठी आहे. गाणं पॉज करून, पंखा बंद करून गेन जास्त असल्याचं सुस्स ऐकू येतं का बघा (पुण्यात लक्ष्मी रोडच्या गोंगाटात राहत असाल तर रात्री एकनंतर).

इक्वलायझरमध्ये बास ५ डीबी वाढवला असेल तर त्यातलाच प्रीअ‍ॅम्प (एकूण आवाजाची पट्टी) पण तेवढाच खाली घ्या, नाहीतर क्लिपिंग होतं, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटतो, आणि मग आपण तापकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) नवी केबल शोधत फिरतो.