स्वस्तातले इलेक्ट्रोड: स्टील चालेल की निकलच हवं?

चॉकपेटी:
नववीच्या मुलांना पाण्याचं विद्युत अपघटन (वीज सोडून पाणी फोडणं) दाखवतेय. इलेक्ट्रोड म्हणून स्टीलच्या दोन पट्ट्या, मिठाचं पाणी, स्कूटरची 12 व्होल्टची बॅटरी. बुडबुडे धो धो आले, मुलं खूश. अर्ध्या तासात पाणी पिवळट, तळाशी चिखल आणि वर्गभर स्विमिंग टँकचा वास. त्याआधी पेन्सिलीतलं शिसं लावलं होतं, ते धन बाजूला भुगा होऊन पडलं. प्लॅटिनम आमच्या शाळेला कुठलं परवडायला! टिकेल असं स्वस्तातलं काय लावू?

बाथवाला:
मॅडम, आधी खिडक्या उघडा. वास क्लोरीनचा आहे, मीठ बंद करा. पिवळं पाणी मोरीत ओतू नका, स्टीलमधलं क्रोमियम सुटून क्रोमेट झालंय. विषारी असतं ते. आमच्या प्लेटिंगच्या कामात असल्या पाण्यात हिराकस (फेरस सल्फेट) घालतो, चुन्याने गाळ बसवतो, मगच पुढे सोडतो. तुम्ही तसलं काही करू नका, कॅनमध्ये भरून जवळच्या कॉलेजच्या लॅबला विचारा.

मिठाऐवजी कास्टिक सोडा, लिटरला 50 ग्रॅम. पाण्यात कास्टिक टाकायचं, थोडं थोडं. कास्टिकवर पाणी कधीच नाही. डोळ्यांना गॉगल हवाच. भांडं ॲल्युमिनियमचं नको, कास्टिक ते खातं. दोन्हीकडे निकलची जाळी लावा. पत्र्यापेक्षा जाळी बरी, बुडबुडे चिकटून बसत नाहीत.

रात्रपाळी_पीएचडी:
+1. गंमत म्हणजे ऑक्सिजनच्या, म्हणजे धन बाजूला निकलचं जे कौतुक होतं, त्यातलं बरंचसं लोखंडाचं आहे. कास्टिकमध्ये लोखंडाचा किंचित अंश असतो, तो निकलवर जाऊन बसतो. आम्ही द्रावणातलं लोखंड काढून टाकलं, तर त्याच जाळीला तेवढ्याच करंटसाठी जास्त व्होल्टेज लागायला लागलं! तेव्हा अतिशुद्ध महागडं कास्टिक घेऊ नका.

चॉकपेटी:
जाळी मिळाली, पाणी स्वच्छ राहतंय. पण बरणी हाताला चटका बसेल इतकी तापते.

बाथवाला:
तापणारच. पाणी फुटायला किमान 1.23 व्होल्ट लागतात, चांगल्या जाळीवर धरा 2. तुम्ही एका बरणीला 12 देताय, उरलेले सगळे पाणी तापवण्यात जातात. सहा बरण्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीपुढे एक जोडा, तीच बॅटरी पुरेल. आणि हायड्रोजन, ऑक्सिजन हे दोन्ही वायू एकाच नळीत घेऊ नका, ठिणगी पडली तर बार उडेल.

चॉकपेटी:
उद्या प्रत्येक गटाला लोणच्याची एकेक रिकामी बरणी आणायला सांगते. काचेचीच.