बिनव्याजी कर्ज देणारा गट खरंच चालतो का?

इतवारीची ताई
आमच्या महिला बचत गटात महिन्याला दोन टक्के व्याज आहे. शिवणकाम करणाऱ्या एका सभासद बाईनं नवऱ्याच्या आजारपणात कर्ज घेतलं होतं. ती व्याजच भरत राहिली, मुद्दल तसंच. माझ्या जिवाला ते फार लागलं. मोमिनपुऱ्यातली मैत्रीण म्हणते, त्यांच्याकडे कर्ज-ए-हसना असतं, एक पैसा व्याज नाही. मग खर्च कुठून निघतो? अन् कोणी बुडवलं तर? हिशेब पाहणाऱ्यानं सांगावं.

मोमिनपुऱ्याचा मास्तर
ताई, आमच्या मोहल्ल्यातल्या फंडाचं रजिस्टर मीच लिहितो. लोक पैसे अमानत म्हणून ठेवतात, तेवढेच परत नेतात. कर्जदाराकडून फक्त मुद्दल. पावतीपुस्तक, झेरॉक्स यांचा खर्च अर्जाच्या फीतून निघतो. कर्ज पाच हजारांचं असो की पन्नास हजारांचं, फी एकच. ती टक्क्यात लावली की व्याजच झालं, तिथे आम्ही कोणाचं ऐकत नाही. दोन जामीनदार किंवा दागिना लागतोच. भिडेखातर तोंडी व्यवहार करायचा नाही. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, म्हणजे वचन (सूरह बकरा हा अध्याय, 282) कर्ज लिहून ठेवण्याबद्दलच आहे. अन् 280 वी सांगते, कर्जदार अडचणीत असेल तर सवड द्या, सोडून दिलं तर अधिक चांगलं.

खरंच हात टेकलेल्यासाठी जकात आहे, म्हणजे ऐपत असलेल्या मुसलमानानं दरवर्षी काढायचं बंधनकारक दान. तिचं खातं वेगळं, कर्जफंडात मिसळत नाही. देणी वजा जाऊन साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक चांद्रवर्षभर राहिली, की अडीच टक्के काढायचे. ती ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते, त्यात कर्जात बुडालेलाही आहे. आम्ही हनफी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या त्या परंपरेचे, त्यामुळे थकबाकी परस्पर जकातीत वळती करत नाही. रक्कम आधी त्याच्या हातात देतो, तो मालक होतो. मागे एका विणकरभाऊंना अशीच दिली. त्यांनी नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या, मग स्वतः काढून कर्जखात्यात भरल्या आणि पावतीवर सही केली. मदत घेतानाही माणसाची मान ताठ राहिली पाहिजे, म्हणून मला ही पद्धत मोलाची वाटते.

काटोलचा संत्रावाला
पिकावर काही असतं का भाऊ?

मोमिनपुऱ्याचा मास्तर
असतं, त्याला उश्र म्हणतात. पावसाच्या पाण्यावरच्या पिकाचा दहावा हिस्सा, विहिरीचं पाणी ओढून घेतलेल्याचा विसावा. मेहनत अन् खर्च जास्त, म्हणून हिस्सा निम्मा.

इतवारीची ताई
आमच्या गटाला जकात मिळेल?

मोमिनपुऱ्याचा मास्तर
बहुतेक आलिमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या मते जकात गरीब मुसलमानांसाठी. सदका, म्हणजे ऐच्छिक दान, आणि कर्ज-ए-हसना मात्र कोणालाही देता येतं, शेजाऱ्याचा धर्म विचारायचा नसतो. पण ताई, गटावर बँकेचं कर्ज असेल तर त्याचं व्याज तुम्हाला भरावंच लागेल. तो पैसा बिनव्याजी वाटू नका. फक्त सभासदांच्या बचतीतून आजारपणासाठी वेगळा फंड काढा.

इतवारीची ताई
बँकेचं आहे थोडं. मग बचतीतलाच फंड, सारखी फी आणि दोन जामीनदार, असा ठराव येत्या सभेत मांडते. त्या बाईचं उरलेलं व्याज सोडायचं, हा पहिला विषय.