बिस्मथचा एक अणू फुटताना बघायला एवढा खटाटोप कशाला? करायलाच हवा!

अणूवेडा: शिरोली एमआयडीसीतल्या मित्राकडनं बिस्मथचा 100 ग्रॅमचा खडा आणलाय. गुलाबीसर चमक, हातात शिशासारखा जड. वर्षानुवर्षं हा धातू स्थिर मानला जायचा. 2003 मध्ये फ्रान्समधल्या ओर्सेच्या शास्त्रज्ञांनी बिस्मथ-जर्मेनियमचे स्फटिक निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या कमी तापमानाच्या, अगदी जवळ थंड केले आणि 5 दिवसांत 128 अणू फुटून अल्फा कण (अणूच्या गाभ्याचा बारीक तुकडा) फेकताना पकडले. अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, निघालं विश्वाच्या वयाच्या शंभर कोटी पटींहून जास्त. तरी माझ्या खड्यात तासाला सरासरी एक अणू फुटतोय, कारण अणूच तेवढे आहेत. असल्या शोधांवर आपल्याकडेही पैसा लागला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

फौंड्रीकर: पटलं नाही, भावा. तासाला एक अणू गेल्यानं बिस्मथचा कुठला गुण बदलला? आमच्याकडं भट्टीची एक हीट बिघडली की अख्खं कास्टिंग रिजेक्ट होतं. धातूवर संशोधन करायचंय तर ते करा.

अणूवेडा: दादा, त्याच बिस्मथ-जर्मेनियमच्या स्फटिकांची कडी पेट स्कॅनच्या मशीनमध्ये बसवतात, कॅन्सरची गाठ शोधायला. पण खरं सांगतो, उपयोग नसता तरी मी हेच म्हटलं असतं. इटलीतल्या ग्रान सासोला 1400 मीटर डोंगराखाली असले प्रयोग चालतात. तिथं बाहेरची किरणं अडवायला उपकरणांभोवती बुडालेल्या रोमन जहाजातलं शिसं लावलंय. ताज्या शिशात शिसं-210 असतं, ते स्वतःच किरणं सोडतं. त्याचं अर्धायुष्य 22 वर्षं, म्हणजे दोन हजार वर्षांत ते संपून गेलं. आणि आपण कमी नव्हतो: कोलारच्या सोन्याच्या खाणीत 1965 लाच वातावरणातले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण सापडले होते.

प्रॅक्टिकलवाली: मी बीएस्सीला फिजिक्स शिकवते. आमच्या लॅबमधला गायगर काउंटर, किरण आला की ठोका देणारं यंत्र, दोन वर्षं बंद आहे. पोरं जुन्या जर्नलमधून रीडिंग उतरवतात, आणि मी सही करते. सही करताना हात जड होतो. पैसा आधी इथं आला पाहिजे. ज्या पोरीनं एक ठोका कानानं ऐकला नाही, ती डोंगराखाली कशाला जाईल?

अणूवेडा: ताई, तुमच्या या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर नाही. पण दोन्हीचा पैसा एकाच खिशातनं काढायचा, हे मला मान्य नाही.

फौंड्रीकर: खिसा एकच असतोय. आमचाच.

प्रॅक्टिकलवाली: काउंटर दुरुस्त झाला तर तो खडा वर्गात आणाल का? त्याला खड्यातलं काहीच कळणार नाही, माहितेय मला. नुसत्या आजूबाजूच्या किरणांनीच मिनिटाला पंधरा-वीस ठोके पडतात, त्यात तासाचा एक कुठं दिसणार. पण शिसं कशाला, डोंगर कशाला, हे पोरांना तेवढ्यावरनं समजेल.

अणूवेडा: आणतो. ट्यूब गेलीय की सर्किट, ते आधी सांगा. सर्किट असेल तर रविवारी येऊन बघतो.