एचआयव्हीचा दवाखाना अजून वेगळाच का?

चौथी खिडकी (धागाकर्ता)
२०२५च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि त्या पैशावर चालणारी एचआयव्ही केंद्रं अनेक देशांत एकदम अडचणीत आली. तेव्हापासून डोक्यात आहे: एका आजारासाठी वेगळी जागा, वेगळी माणसं, वेगळ्या नोंदवह्या हे आणखी किती वर्षं?

पूर्वी त्याला कारण होतं. मूठभर गोळ्या, त्यांचे दुष्परिणाम सांभाळायला तज्ज्ञ. आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. निदान झालं की सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती ते न बघता उपचार सुरू करा, असं जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते आहे. गोळी चुकवत नाही तो म्हातारा होतो, मग त्याला बीपी-शुगरही लागतात. त्यासाठी दुसरी रांग, दुसरा दिवस, बुडालेली मजुरी. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट, पण ती तपासणी दुसरीकडे असली की राहूनच जाते. सगळं प्राथमिक आरोग्य केंद्रात आणा, असं माझं मत.

एकदा पोळलेला
साफ असहमत. माझ्या एका मित्राचं सांगतो. नको त्या जागी फोड आले म्हणून जवळच्या साध्या दवाखान्यात गेला. केसपेपर काढणाऱ्याने भर रांगेत विचारलं, "काय होतंय?" हा म्हणाला, "ताप." पॅरासिटामॉल घेऊन घरी! शेवटी लांबच्या स्वतंत्र केंद्रात गेला. तिथे कुणी भुवई उंचावली नाही, कारण सगळे त्याच कामाला आलेले.

पायरीवर
आणि त्या केंद्राच्या दारात ओळखीचं कुणी भेटलं असतं तर? पाटीच सांगते तुम्ही कशाला आलात. साध्या दवाखान्यात खोकला म्हणूनही खपून जातं.

एकदा पोळलेला
खपून जातं, म्हणूनच माझा मित्र ताप सांगून परतला ना!

पांढरी साडी
मी परिचारिका आहे. तुम्ही दोघं इमारतीवरून भांडताय. दक्षिण आफ्रिकेत २०१० पासून परिचारिकाच एआरटी (एचआयव्हीची औषधं) सुरू करतात, म्हणजे आम्हाला जमत नाही हे कुणी सांगू नये. पण शिकवायचं नाही, माणूस वाढवायचा नाही आणि नुसती आणखी एक नोंदवही टेबलावर ठेवायची, याला जोडणी म्हणत असाल तर माझा नमस्कार.

जिथे जोडायलाच हवं ते सांगते. गरोदर बाईच्या बोटातल्या रक्ताच्या थेंबावर एचआयव्ही आणि सिफिलिस (हाही लैंगिक संबंधातून होणारा आजार) दोन्ही एकाच किटवर कळू शकतात. सिफिलिस निघालं आणि वेळेत बेन्झाथिन पेनिसिलिन टोचलं तर बाळ वाचतं. तरी आमच्याकडे एचआयव्ही तपासून झालेलं असतं आणि सिफिलिस राहिलेलं, कारण आमची दोन्हींची किट वेगवेगळी, वेगवेगळ्या खात्यांतून येणारी. तेव्हा माझा राग अनावर होतो. (अजून होतो.)

शंकासुर
ताईंना +१, पण बाकीच्या लैंगिक आजारांचं काय? २०२०च्या अंदाजाप्रमाणे क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस, ट्रायकोमोनियासिस मिळून जगात रोज दहा लाखांहून जास्त नवे संसर्ग. छोट्या केंद्रात प्रयोगशाळा नसते, लक्षणं बघून औषध देतात. क्लॅमिडिया तर बायकांमध्ये बहुधा लक्षणच दाखवत नाही. जे दिसतच नाही ते जवळच्या दवाखान्यात तरी कसं सापडणार?

आणखी एक. समलिंगी संबंध जिथे गुन्हा आहे, तिथे अशा माणसाने गावच्या डॉक्टरसमोर तोंड उघडायचं? देहविक्री करणाऱ्या बायकांनी? त्यांच्याच लोकांनी चालवलेली केंद्रं बंद करून "आता सगळ्यांसाठी एकच" म्हणणं म्हणजे त्यांना हाकलणंच.

चौथी खिडकी
हा मुद्दा मान्य, माझ्या "सगळं" या शब्दात तो सुटला होता. ती केंद्रं राहू देत. ज्याचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) औषधाने दबलेला आहे, ज्याला फक्त गोळ्या न्यायच्यात, त्याने घराजवळ तीन-सहा महिन्यांच्या एकदम न्याव्यात. प्रयोगशाळेचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

एकदा पोळलेला
खिडकीवरचं "काय होतंय" आधी बंद करा. मग मित्राला सांगून बघतो.

पांढरी साडी
आमच्याकडे बंद केलंय. आता "डॉक्टर की सिस्टर" एवढंच विचारतात. सिस्टर म्हणणारे वाढलेत आणि सिस्टर एकच आहे.