प्रतिसाद: इंदिराजी आणि विरोधकांचा कडवटपणा

'१९७१ चा पराभव पचला नाही म्हणून विरोधक इंदिराजींच्या जिवावर उठले', हे वर कुणीतरी लिहिलंय ते मला अर्धंच पटतं. इंदिराजींच्या काँग्रेसला लोकसभेत मिळालेल्या ३५२ जागांनी विरोधक हादरले, त्यांची 'इंदिरा हटाओ' घोषणा तोंडावर आपटली, हे खरंच. पण असूयेने जयप्रकाश नारायणांच्या (जेपींच्या) विरोधाचं काय स्पष्टीकरण देणार? त्यांना कुठलंच पद नको होतं. शिवाय त्यांच्या पत्नी प्रभावतीदेवी या इंदिराजींच्या आई कमला नेहरूंच्या जिवलग मैत्रीण, त्यामुळे इंदिराजी जेपींना घरच्या मुलीसारख्या. नोव्हेंबर १९७४ मध्ये बिहार विधानसभा बरखास्त करण्याच्या जेपींच्या मागणीवर दोघांची भेट फिसकटली, तेव्हासुद्धा कमलाबाईंची प्रभावतींना आलेली जुनी पत्रं जेपींनी इंदिराजींच्या हाती दिली. वैर असं असतं का?

मला वाटतं, कडवटपणा वाढतो तो मधली माणसं संपल्यावर. आपले पुण्याचे मोहन धारिया तेव्हा केंद्रात मंत्री होते. जेपींशी बोलणी करा, एवढंच ते सांगत होते. मार्च १९७५ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून काढलं. जूनमध्ये इंदिराजींची निवडणूक रद्द ठरवणारा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा दोन्ही बाजूंना एकमेकांचं बोलणं पोचवणारं वजनदार असं फारसं कुणी उरलंच नव्हतं. मग आणीबाणी आणि तुरुंग! त्यानंतर विरोध नुसता धोरणांना राहणं शक्य नव्हतं. तरी १९७७ च्या निवडणुकीत इंदिराजी हरल्यानंतर जेपी स्वतः त्यांच्या घरी त्यांना भेटायला गेले होते.