स्पॅनिश रोड: चोख काम की पांढरा हत्ती?

वाटसरू:
स्पॅनिश रोड म्हणजे स्पेनची फौज उत्तर इटलीतून नेदरलँड्सला न्यायचा जमिनीवरचा मार्ग. तिथले दंगे मोडायला १५६७ साली स्पेनचा सेनापती ड्यूक ऑफ आल्बा साधारण १० हजार सैनिक घेऊन लोंबार्डीतून निघाला आणि ऑगस्टमध्ये ब्रुसेल्सला पोचला. सॅव्हॉय, फ्रांश-काँते, लॉरेन, लक्झेंबर्ग असा मिलानपासून सुमारे १००० किमीचा पल्ला, वर आल्प्सचा घाट. माझं मत, स्पेनच्या साम्राज्यात याहून चोख काम झालं नाही. पुढे पुढे तर फौजेआधी अधिकारी जाऊन व्यापाऱ्यांशी भाव ठरवायचे. पाव, मांस, वाइन मुक्कामावर तयार. ज्या घरी सैनिक उतरायचे त्या घराला चिठ्ठी मिळायची, तिची रक्कम नंतर करातून वळती व्हायची. परक्या मुलखातून फौज अशी शिस्तीत नेणं खायचं काम नव्हतं.

खडूस:
चिठ्ठ्या कुणीही फाडेल, पैसे कोण देणार? १५७५ ला स्पेनचा राजा फिलिप दुसरा याने दिवाळं काढून हात वर केले आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात पगार थकलेल्या त्याच्याच सैनिकांनी अँटवर्प लुटलं. हीच का ती शिस्त?

वाटसरू:
तो दोष तिजोरीचा. पगाराचा पैसा बहुतेक जिनोआच्या सावकारांच्या हुंड्यांवर फिरायचा. त्याचं खापर रस्त्यावर कशाला?

घाटमाथा:
तुम्ही दोघे पैशांवरच अडलात. खरं दुखणं असं की रस्ता स्पेनचा नव्हताच! सगळं वाटेतल्या सॅव्हॉय संस्थानाच्या ड्यूकच्या मर्जीवर. १६०१ च्या ल्योंच्या तहात त्याने ब्रेस आणि ब्युजे हे आपले प्रांत फ्रान्सला देऊन टाकले. उरली एक चिंचोळी पट्टी आणि रोन नदीवरचा ग्रेझँचा पूल. एवढ्या मोठ्या साम्राज्याची मदार एका पुलावर! १६२२ मध्ये सॅव्हॉयने तेही दार लावलं. मग आल्प्समधल्या वाल्तेलिनाच्या खोऱ्यातून द्राविडी प्राणायाम, आणि १६३८ ला ऱ्हाइन नदीवरचा ब्रायझाखचा किल्ला पडल्यावर तोही खलास.

वाटसरू:
आणि समुद्रमार्गे फौज नेऊन काय दिवे लावले? १६३९ ला इंग्लंडच्या किनाऱ्यालगत डाउन्सच्या लढाईत डच अॅडमिरल ट्रॉम्पने स्पॅनिश आरमाराची वाट लावली. त्यापेक्षा मर्जीवरचा का होईना, पन्नासेक वर्षं चाललेला रस्ता बरा.

खडूस:
आधी सांगा, १५६७ ला फौज पाठवायची गरज काय होती? फिलिपची सावत्र बहीण मार्गारेट नेदरलँड्सचा कारभार बघत होती आणि आल्बा पोचायच्या आतच तिने दंगे आटोक्यात आणले होते. तो आला, आणि वर्ष संपायच्या आत ती पद सोडून गेली.